बागची छपाई आणि बाघिनीचे पाणी

देवास जिल्ह्यातील सतवासपासून नर्मदेच्या खोऱ्याने पश्चिमेकडे जात राहिले, की धार जिल्ह्यात बाग हे गाव लागते. रसिकांना ते बौद्ध लेण्यांमुळे ठाऊक आहे. १९२१ साली ग्वाल्हेर संस्थानाने नंदलाल बोस प्रभृती चित्रकारांकडून तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. भिंतींवरील रंगांना असा राजाश्रय लाभला. या परिसरातील कापडावरील रंगांचा आश्रय मात्र आठवड्याचा बाजार हाच होता. भिल्ल व भिलाला स्त्रियांचे घागरे आणि लुगडी छापणे, हा येथील खत्री कारागिरांचा पिढीजात व्यवसाय. हे खत्री मूळचे सिंधचे. राजस्थानमार्गे ते या भागात स्थिरावले.

या छपाईचे रहस्य ठशापेक्षा पाण्यात अधिक आहे. कापड प्रथम मीठ, एरंडेल व शेळीच्या लेंड्या यांच्या मिश्रणात मळतात; नंतर हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात. तुरटी व चिंचोक्याची खळ यांनी लालाचा ठसा उमटतो, लोहक्षारांनी काळ्याचा. छापलेले कापड काही दिवस मुरवून बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात. सुटा रंग वाहून न गेल्यास त्याचे डाग पांढऱ्या जमिनीवर पडतात. शेवटी तांब्याच्या भांड्यात अलिझरीन व धायटीची फुले घालून कापड उकळतात, तेव्हा कुठे लाल रंग खुलतो. पूर्वी माळव्यात लाल रंगासाठी आलीची मुळे वापरीत. १८६८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अलिझरीन प्रयोगशाळेत सिद्ध केले आणि आलीची शेती हळूहळू मोडली. छपाई मात्र टिकली.

पुढे स्वस्त कृत्रिम धाग्यांचे कापड बाजारात आले आणि आदिवासी गिऱ्हाईक दुरावले. अनेकांनी ठसे खाली ठेवले. इस्माईल सुलेमानजी खत्री यांनी मात्र तेच जुने ठसे साड्यांवर आणि चादरींवर उतरवून शहरातील नवे गिऱ्हाईक मिळवले. पुढे, २००८ साली, बागच्या छपाईला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले.

या कलेने रंग बदलला, कापड बदलले, गिऱ्हाईकही बदलले. वाहत्या पाण्याला मात्र तिला पर्याय सापडणे कठीण आहे. कायद्याने नाव राखता येते. नदी राखण्याचे काम समाजालाच करावे लागेल.