शून्यता आणि हृदयशुद्धी : मर्टन–सुझुकी संवादाचे महत्त्व

ख्रिस्ती गूढवाद व बौद्ध साधना यांच्या संबंधांचा विचार करताना, दोहोंत साम्य किती, हाच प्रश्न बहुधा प्रथम पुढे येतो. तथापि या संबंधांच्या विसाव्या शतकातील इतिहासात साम्यापेक्षाही अधिक बोधप्रद ठरली आहे ती तुलनेच्या मर्यादेची एक प्रांजळ कबुली. टॉमस मर्टन आणि दाइसेत्झ तैतारो सुझुकी यांचा संवाद या दृष्टीने अभ्यसनीय होय.

मर्टन (१९१५–१९६८) हे अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या गेथसेमनी मठात १९४१ साली प्रविष्ट झालेले ट्रापिस्ट संन्यासी. सुझुकी (१८७०–१९६६) हे झेन पंथाचा पाश्चात्त्यांस परिचय करून देणारे जपानी पंडित. माइस्टर एकहार्ट या जर्मन गूढवाद्याच्या विचाराची बौद्ध विचाराशी तुलना करणारा त्यांचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला होता. १९५९ च्या मार्च महिन्यात मर्टन यांनी ईजिप्तच्या वाळवंटातील प्राचीन ख्रिस्ती तपस्व्यांची वचने सुझुकींकडे पाठवून प्रस्तावनेची विनंती केली. संघाच्या वरिष्ठांनी अशा संयुक्त प्रकाशनास अनुमती दिली नाही. वचनांचा संग्रह १९६० साली स्वतंत्रपणे निघाला, तर दोघांचा संवाद १९६१ साली एका वाङ्मयीन वार्षिकात छापला गेला.

वादाचा गाभा ‘शून्यता’ या कल्पनेत होता. मर्टन यांनी तिच्याशेजारी कॅसियन या प्राचीन मठाचार्याची ‘हृदयशुद्धी’ ठेवली. परंतु कॅसियनच्या मते हृदयशुद्धी हे साधकाचे निकटचे लक्ष्य. अंतिम साध्य म्हणजे ईश्वराचे राज्य. म्हणजे रिक्त झालेले मन कृपादानासाठी सिद्ध होते, ते स्वतःच अखेरचा मुक्काम नव्हे. सुझुकींना ही शून्यता पुरेशी खोल वाटली नाही. ती सृष्टिकर्त्या ईश्वरापाशीच थांबते. एकहार्टने सूचित केलेल्या, सर्व विशेषणांपलीकडील ईश्वरत्वापर्यंत पोहोचत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. एकाला शून्यता ही पूर्वसिद्धता वाटत होती, दुसऱ्याला तीच पूर्णता.

जून १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथे दोघांची भेट झाली. पुढे १९६८ साली हा संवाद ग्रंथरूपाने पुनर्मुद्रित करताना मर्टन यांनी आपले समारोपाचे विवेचन तसेच ठेवले. मात्र झेनकडे कसे पाहू नये याचा नमुना म्हणून ते ठेवले आहे, असे त्यांनी स्वतःच नमूद केले. ईश्वरशास्त्राच्या परिभाषेत झेन पकडू पाहणे हाच मूळ दोष होय, हे त्यांस उमगले होते. या कबुलीत स्वधर्माचा त्याग नव्हता. परिभाषेच्या अधिकाराची मर्यादा तेवढी मान्य केलेली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात धरमशाळेस दलाई लामांशी त्यांच्या तीन भेटी झाल्या; १० डिसेंबर रोजी बँकॉकजवळ, मठवासीयांच्या परिषदेच्या वेळी, त्यांचा अपघाती मृत्यू झाला.

१९७९ साली जपानी बौद्ध भिक्षू युरोपातील ख्रिस्ती मठांत राहावयास आले. येथे तुलनेची जागा सहवासाने घेतली होती. प्रश्न मात्र मिटला नाही : १९८९ साली व्हॅटिकनने पौर्वात्य ध्यानपद्धतींच्या स्वीकाराबाबत सावधगिरीचा इशारा दिला. मौन समान असले म्हणून त्यातून प्रकटणारा अर्थही समान असतो, असे गृहीत धरता येत नाही. तो अर्थ परक्या परंपरेच्या मुखातून ऐकण्याची तयारी, हीच या संवादाची खरी निष्पत्ती होय.