नारा : चौऱ्याहत्तर वर्षांची राजधानी

श्रोतेहो, जपानची जुनी राजधानी म्हटली की बहुतेकांच्या तोंडी क्योतोचे नाव येते, आणि ते साहजिकच आहे. कारण हजार वर्षांहून अधिक काळ सम्राटांचे वास्तव्य तेथे होते. मी आज आपणांस सांगणार आहे ती क्योतोच्या थोरल्या बहिणीची हकीगत. तिचे नाव नारा. इ. स. ७१० ते ७८४ एवढाच काळ तिला राजधानीचा मान लाभला. म्हणजे अवघी चौऱ्याहत्तर वर्षे. त्यांतूनही मधली पाच वर्षे वजा करावी लागतात. एका माणसाच्या आयुष्याएवढ्या या अल्प काळात जपानने लिहावयास, कर मोजावयास, धातू ओतावयास आणि राज्य चालवावयास शिकून घेतले. त्याची किंमत कोणी मोजली, हेही पाहण्यासारखे आहे.

नाराच्या पूर्वी जपानात राजा निवर्तला की राजवाडा दुसरीकडे हलविण्याची रीत होती. मृत्यूने वास्तूला विटाळ होतो ही समजूत तिच्यामागे असावी, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. जमिनीत लाकडी खांब पुरून उभारलेला वाडा सोडून जाणे फारसे जड जात नसे. परंतु इ. स. ७०१ मध्ये चिनी धर्तीवर कायद्याची संहिता तयार झाली. प्रांत आले, अधिकारी आले, जनगणनेच्या याद्या आणि कराची दप्तरे आली. दप्तर दर पिढीला पाठीवर घेऊन हिंडता येत नाही. म्हणून स्थिर राजधानीची गरज भासू लागली. ६९४ मध्ये वसविलेली फुजिवारा नगरी सोळाच वर्षे टिकली. नंतर सम्राज्ञी गेन्मेई हिने ७१० मध्ये नव्या नगरीत प्रवेश केला. तिचे त्या काळचे नाव हेइजो.

या नगरीपुढे नमुना होता तो तांग साम्राज्याच्या चांगआन राजधानीचा. काटकोनात छेदणारे सरळ रस्ते, उत्तरेच्या टोकाला दक्षिणाभिमुख राजवाडा, आणि त्याच्या दारापासून निघालेला सुमारे ७५ मीटर रुंदीचा राजमार्ग. पूर्वेला एक व पश्चिमेला एक अशा दोन सरकारी बाजारपेठा होत्या. ज्याचा दर्जा मोठा त्याला वाड्यासाठी मोठी जागा, आणि तीही राजवाड्याजवळ. चांगआनच्या चहूंबाजूंना असलेला भक्कम तट मात्र येथे उचलला गेला नाही. अनुकरण करतानाही जपान्यांनी निवड केली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

हे रस्ते आखले राज्यकर्त्यांनी. पण माती वाहिली ती खेड्यांतून वेठीला आणलेल्या शेतकऱ्यांनी. नगरी वसून दोन वर्षेही झाली नव्हती तोच, ७१२ च्या आरंभी, सम्राज्ञीला एक आज्ञापत्र काढावे लागले. राजधानीतील काम संपवून घरी परतणारे मजूर वाटेत अन्नावाचून मरून पडत आहेत, प्रांताधिकाऱ्यांनी त्यांची सोय लावावी व मेलेल्यांना मूठमाती द्यावी, असा त्याचा आशय. त्याच ७१२ मध्ये ‘कोजिकी’ हा जपानचा आद्य पुराणग्रंथ सिद्ध झाला. आम्ही शिक्षक मुलांकडून ग्रंथाची सनावळी पाठ करून घेतो. आज्ञापत्राची घेत नाही.

इ. स. ७३५ मध्ये क्यूशू बेटावर देवीची साथ उद्भवली आणि दोन वर्षांत ती राजधानीत पोहोचली. काही इतिहासकारांच्या अंदाजाप्रमाणे देशातील चौथा ते तिसरा हिस्सा लोक तिला बळी पडले. राज्यकारभार हाती असलेले फुजिवारा घराण्यातील चौघे भाऊ ७३७ या एकाच वर्षी मरण पावले. पाठोपाठ ७४० मध्ये त्याच घराण्यातील एका सरदाराने बंड पुकारले. सम्राट शोमू पुरता हादरला. राजधानी सोडून तो पाच वर्षे या गावाहून त्या गावी फिरत राहिला आणि ७४५ मध्ये अखेर नाराला परतला.

या भ्रमंतीतच, ७४३ मध्ये, त्याने बुद्धाची एक विराट मूर्ती घडविण्याचा संकल्प जाहीर केला. देशातील सारे धन आणि सारी सत्ता आपल्या हाती आहे, हे त्यात तो कबूल करतो. परंतु कोणी गवताची काडी वा मूठभर माती घेऊन आला तरी त्याला सामील करून घ्यावे असे सांगतो. या कामाच्या निमित्ताने अधिकाऱ्यांनी रयतेला छळू नये, अशी ताकीदही तो देतो. वर्गणी गोळा करण्याचे काम आले ग्योकी नावाच्या वृद्ध भिक्षूकडे. रस्ते, पूल आणि तळी बांधीत लोकांत फिरणारा हा साधू. एके काळी याच सरकारने त्याच्यावर बंदी घातली होती!

७४७ ते ७४९ या काळात पायापासून वर असे आठ थर ओतून मूर्ती पूर्ण झाली. उंची सुमारे १५ मीटर. तांबे लागले सुमारे ५०० टन. मुलाम्याला सोने कोठून आणावे या विवंचनेत सम्राट असताना ७४९ मध्ये उत्तरेकडील मुत्सु प्रांतात ते सापडले.

इ. स. ७५२ च्या वसंतऋतूत तोदाई मंदिरात नेत्रोन्मीलनाचा सोहळा झाला. मूर्तीच्या डोळ्यांत बाहुल्या रेखण्याचा मान ज्याला मिळाला तो होता बोधिसेन, दक्षिण भारतातून निघून चीनमार्गे ७३६ मध्ये जपानला पोहोचलेला भिक्षू. त्याच्या हातातील कुंचल्याला लांबलचक दोरे बांधलेले होते आणि जमलेल्या लोकांनी ते हाती धरले होते, म्हणजे डोळे उघडण्याच्या पुण्यात प्रत्येकाचा वाटा! तो कुंचला आणि ते दोरे आजही जपून ठेवलेले आहेत.

परंतु रयतेला छळू नये ही ताकीद पाळली गेली काय? ७५७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून ताचिबाना नारामारो या सरदाराची चौकशी झाली. राज्यकारभारात अन्याय तो कोणता, असे विचारता त्याने सांगितले, की या मंदिराच्या बांधकामाने प्रजा गांजून गेली. अधिकाऱ्याने उलट विचारले, ‘ते काम तर तुझ्या वडिलांच्याच अमदानीत सुरू झाले ना?’ त्याचे वडील तेव्हा मंत्री होते. नारामारो निरुत्तर झाला. प्रश्न तोडीचा होता खरा. पण त्याने प्रजेची गांजणूक खोटी ठरत नाही.

शोमू ७५६ मध्ये वारला. राणी कोम्यो हिने त्याच्या सहाशेंहून अधिक वस्तू बुद्धचरणी अर्पण केल्या. त्या शोसोइन नावाच्या लाकडी कोठारात राहिल्या. त्यांत पश्चिम आशियातील काच आहे, उंटावरील वादकाचे चित्र असलेली पाच तारांची वीणा आहे. त्याच दिवशी राणीने साठ औषधेही दिली, ती रोग्यांना उपयोगी पडावीत म्हणून. त्या यादीत मिरी आहे, पिंपळी आहे आणि आपल्या सह्याद्रीच्या रानातही आढळणारा हिरडा आहे. ‘हरीतकी’ हा संस्कृत शब्द चीनमार्गे ‘करिरोकु’ होऊन तेथे पोहोचला.

पुढे मठांचे प्राबल्य वाढले. दोक्यो नावाचा भिक्षू तर सिंहासनाजवळ जाऊन पोहोचला. शिवाय जलमार्गाच्या दृष्टीनेही जागा गैरसोयीची होती. ७८४ मध्ये सम्राट कान्मूने राजधानी हलविली. मंदिरे मागे राहिली. राजवाड्याच्या जागी भातशेती झाली. तोदाई मंदिर ११८० व १५६७ मध्ये युद्धांत जळाले. आजचे मंदिर १७०९ चे आहे.

राजवाड्याची जागा पुन्हा लोकांपुढे आणण्यात तानादा काजूरो नावाच्या एका माळ्याचा मोठा वाटा आहे. साम्राज्याचे सभागृह जेथे होते तेथे गुरे हिंडताना पाहून त्याने जन्मभर तिच्या रक्षणाचा ध्यास घेतला. १९२१ मध्ये त्याने आत्महत्या केली आणि पुढच्याच वर्षी ती जागा सरकारने संरक्षित केली. १९६० नंतर तेथे रेल्वेची कार्यशाळा उभारण्याचा बेत निघाला, तो लोकांनी हाणून पाडला. १९९८ मध्ये नाराची गणना जागतिक वारशात झाली आणि २०१० मध्ये सभागृह पुन्हा बांधण्यात आले.

मला मात्र त्या सभागृहाहून अधिक मोलाच्या वाटतात त्या मातीत सापडलेल्या लाकडी पट्ट्या. १९८८ मध्ये एका दुकानाचा पाया खणताना, ७२९ साली खोट्या आरोपावरून प्राणास मुकलेल्या नागाया राजपुत्राच्या वाड्यातील सुमारे ३५,००० पट्ट्या हाती लागल्या. बर्फ आला, शिंपल्यांतील मांस आले, तांदूळ अमक्याला दिला, असल्या त्या नोंदी! काम झाल्यावर कचऱ्यात फेकलेल्या. पण ओल्या मातीने त्या बाराशे वर्षे सांभाळल्या.

श्रोतेहो, सम्राटाने गवताच्या काडीचाही मान राखू असे म्हटले होते. त्याच्या दरबाराला ते नेहमी साधले असे म्हणवत नाही. पण ज्यांनी ओझी वाहिली, त्यांच्या ओझ्यांची नोंद एवढ्याशा लाकडी ढलपीवर टिकून राहिली. आणि राजवाडा मात्र नव्याने बांधावा लागला.