आकडे गेले, वाद उरला

बेथेस्डा गेम स्टुडिओज या अमेरिकी कंपनीच्या ‘द एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतील पाचवा खेळ ‘स्कायरिम’ ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आला. जुन्या खेळाडूंना पहिला धक्का बसला तो पात्र घडवण्याच्या टप्प्यावरच. वंश, चेहरा आणि नाव ठरवले की काम संपले! ताकद, बुद्धी, चपळाई आदी आठ मूलगुण, योद्धा वा जादूगार असा पेशा आणि जन्मरास ही निवडच उरली नव्हती.

‘रोल-प्लेइंग’ प्रकारच्या खेळात पात्रनिर्मिती ही निव्वळ पूर्वतयारी नसते. नायक काय करू शकणार नाही, हेही तिथेच ठरते. २००२ च्या ‘मोरोविंड’मध्ये २७ कौशल्ये होती, २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये २१ आणि ‘स्कायरिम’मध्ये १८. सुरुवातीला काही सोडावेच लागत नसेल, एकच नायक तलवार, जादू आणि चोरी या तिन्हींत निष्णात होऊ शकत असेल, तर दोन खेळाडूंचे नायक निराळे कसे ठरणार, हा नाराजांचा सवाल होता.

सवाल रास्त असला, तरी जुन्या पद्धतीची भलामण करताना तिचा दोष सोयीस्करपणे विसरला जातो. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये मुख्य कौशल्ये वाढली की नायकाची पातळी वाढे, मूलगुणांत किती भर पडणार, हे मात्र त्याआधी कोणती कौशल्ये किती वाढली यावर ठरे. शत्रूही पातळीनुसार बलवान होत. परिणामी हिशेबी खेळाडू न वापरायची कौशल्येच ‘मुख्य’ म्हणून निवडत. धनुर्धर व्हायचे, तर धनुर्विद्या मुख्य यादीत नको, असा हा उफराटा न्याय! नवख्याला मात्र पुढे जावे तसतसा आपलाच नायक दुबळा भासे.

‘स्कायरिम’ने हा हिशेब काढून टाकला. प्रत्येक पातळीला आरोग्य, जादूशक्ती वा दम यांपैकी एकात १० गुणांची भर आणि एक ‘पर्क’, म्हणजे विशेष क्षमता, एवढेच ठेवले. नव्या खेळाडूंना ते मानवले. नाराजांपैकी काहींनी ‘मॉड’, म्हणजे खेळाडूंनीच केलेल्या फेरफारांद्वारे, पेशे आणि मूलगुण परत आणले.

२२ एप्रिल २०२५ रोजी आलेल्या ‘ऑब्लिव्हियन’च्या नव्या आवृत्तीत मूलगुण, पेशे आणि राशी कायम आहेत. बदलली ती वाढीची रीत. आता दर पातळीला १२ गुण मिळतात. ते जास्तीत जास्त तीन मूलगुणांत, एकात कमाल ५, असे वाटायचे असतात. शत्रूंचे बळ मात्र आजही नायकाच्या पातळीबरोबरच वाढते.