नाक्यावरचे कुत्रे, भाकरी आणि अंडे : एका साध्या प्रश्नाचा लांबलचक इतिहास

(१)
आजचा धागा एका साध्या प्रश्नाचा आहे. कुत्र्याला अंडे घालावे का, आणि अंड्याचे टरफल त्याला पचते का? प्रश्न पशुवैद्यकाचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात संतचरित्र आहे, निजामाच्या राज्याची सीमा आहे, मुंबईतील एक दंगल आहे आणि हैदराबादच्या प्रयोगशाळेत ज्वारीवर वाढवलेली कुत्रीही आहेत. सुरुवात कनेरगाव नाक्यापासून करू.

(२)
कनेरगाव नाका हे हिंगोली-वाशीम रस्त्यावरचे, दोन जिल्ह्यांच्या सीमेलगतचे गाव. नाका म्हणजे जकात घेण्याचे ठिकाण. वाशीम हे वऱ्हाडात, आणि १८५३ च्या तहानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेलेला. हिंगोली मात्र निजामाच्या मुलखात राहिली. निजामी राज्यातील जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत. माल थांबे, गाड्या थांबत, माणसे शिदोरी सोडत. जेथे शिदोरी सुटते तेथे कुत्रे येऊन बसते. नाक्यावरच्या कुत्र्याचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. तरी त्याने काय खाल्ले असेल हे सांगता येते, कारण त्याने तेच खाल्ले जे माणसांनी खाल्ले : ज्वारीची भाकरी.

(३)
याच हिंगोली तालुक्यात नरसी नामदेव हे गाव आहे. संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान म्हणून ते पूजले जाते. नामदेवांची एक आख्यायिका महाराष्ट्रात आणि पंजाबात घरोघरी ठाऊक आहे. कुत्र्याने भाकरी पळवली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. देवाने कोरडी भाकरी खाऊ नये म्हणून! आख्यायिकेला आपण ऐतिहासिक घटना मानत नाही. पण तिच्यात समाजाची एक जाणीव जपलेली असते. येथे ती जाणीव अशी : कुत्र्याला नुसती कोरडी भाकरी पुरत नाही.

(४)
कुत्र्याचा घास ही कल्पना त्याहूनही जुनी आहे. मनुस्मृतीत गृहस्थाने कुत्रे, कावळे इत्यादींसाठी जमिनीवर अन्न ठेवावे, असे सांगितले आहे. पितृपक्षात आजही काकबळीबरोबर श्वानबळी काढतात. गाईला पहिली पोळी आणि कुत्र्याला शेवटची, ही अनेक घरांतील रीत. मात्र या साऱ्यात कुत्र्याच्या वाट्याला येते ते उरलेले धान्यान्न. त्याच्या शरीराला काय हवे, हा प्रश्न येथे विचारलेला नाही.

(५)
तो प्रश्न विचारणारी एक परंपरा मुंबईत नांदत होती. पारशांच्या ‘वेंदिदाद’ या धर्मग्रंथाचा तेरावा अध्याय मुख्यतः कुत्र्याविषयी आहे. कुत्र्याला निकृष्ट अन्न देणे हे त्यात पाप ठरवले आहे आणि दूध, स्निग्ध पदार्थ व मांस हे त्याचे योग्य अन्न म्हटले आहे. ही श्रद्धा किती खोल होती ते जून १८३२ मध्ये दिसले. इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालवली, तेव्हा मुंबईतील पारशी रस्त्यावर उतरले, बाजार बंद पडले आणि दंगल उसळली. शहराच्या इतिहासातील आरंभीच्या मोठ्या दंगलींपैकी ही एक.

(६)
येथे कोणी म्हणेल, कुत्रे मूळचे लांडग्याच्या कुळातले. त्याला भाकरी घालणेच चूक. या आक्षेपाला जनुकशास्त्राने २०१३ मध्ये उत्तर दिले. स्वीडनमधील एरिक ॲक्सेल्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की पिष्ट पचवणाऱ्या विकराचे जनुक लांडग्यात साधारणतः दोन प्रतींत असते, तर कुत्र्यात त्याच्या अनेक प्रती आढळतात. म्हणजे शेती करणाऱ्या माणसाच्या दारात राहून कुत्र्याचे पोटही शेतकऱ्याचे झाले. भाकरी त्याला पचते. तेवढ्यावर भागते का, हा पुढचा प्रश्न.

(७)
अंडे या कथेत बरेच उशिरा येते. जर्मनीतील बॉन-ओबरकासेल येथे माणसांसोबत पुरलेले कुत्रे सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहे. कोंबडी माणसाच्या अंगणात आली ती त्यानंतर हजारो वर्षांनी. आणि आल्यावरही अंडे स्वस्त नव्हते. उकिरड्यावर चरणारी गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देणार. त्यांतली काही उबवायला ठेवायची, काही बाजारी न्यायची, एखादे बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला द्यायचे. कुत्र्याच्या वाट्याला अंडे येई ते त्याने चोरले तरच.

(८)
हे गणित विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बदलले. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्या आल्या. पुण्यात डॉ. बी. व्ही. राव यांनी उभारलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजसारख्या उद्योगांनी कुक्कुटपालनाचे रूप पालटले. १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि अंड्याचा भाव उत्पादकच जाहीर करू लागले. उकडलेल्या अंड्यांची गाडी प्रत्येक नाक्यावर दिसू लागली, आणि गाडीखाली कुत्रे. ‘कुत्र्याला अंडे घालावे का’ हा प्रश्न सामान्य माणसाला पडण्यासाठी आधी अंडे स्वस्त व्हावे लागले.

(९)
विज्ञानाने मात्र तो प्रश्न आधीच हाती घेतला होता. १९१६ मध्ये डब्ल्यू. जी. बेटमन या अमेरिकी संशोधकाने नोंदवले, की अंड्याचा कच्चा पांढरा भाग कुत्र्यांना व इतर प्राण्यांना नीट पचत नाही, त्याने जुलाब होतात. शिजवल्यावर तोच भाग उत्तम पचतो. १९२७ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेत मार्गारेट बोआस यांना दिसले, की मुख्यतः कच्च्या, वाळवलेल्या पांढऱ्या भागावर ठेवलेल्या उंदरांचे केस गळतात आणि कातडी सोलवटते. अंड्यात दडलेले हे विष होते तरी कोणते?

(१०)
उलगडा व्हायला आणखी तेरा वर्षे लागली. १९३६ मध्ये कोगल आणि टोनिस यांनी अंड्याच्या बलकातून बायोटिन हे जीवनसत्त्व शुद्ध रूपात वेगळे केले. १९४० मध्ये टेक्सासमध्ये पांढऱ्या भागातील ॲव्हिडिन हे प्रथिन सापडले. ते बायोटिनला इतके घट्ट पकडते, की शरीराला ते मिळतच नाही. गंमत पाहा : पांढऱ्या भागात अडसर आणि पिवळ्यात त्यावरचा उतारा! उष्णतेने ॲव्हिडिन निकामी होते. म्हणून कुत्र्याने एखादे कच्चे अंडे चोरून खाल्ले तर बायोटिनची चिंता नको. दिवसेंदिवस नुसता कच्चा पांढरा भाग घालणे मात्र घातक.

(११)
आता या धाग्याच्या गाभ्याकडे येऊ. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग होई : कातडी काळवंडून सोलणे, जुलाब, शेवटी बुद्धिभ्रंश. त्याच भागातील कुत्र्यांची जीभ काळी पडे. जोसेफ गोल्डबर्गर यांनी या दोन्ही रोगांतील नाते ओळखले. १९३७ मध्ये विस्कॉन्सिन येथे कॉनराड एल्व्हेजेम यांनी निकोटिनिक आम्ल देऊन कुत्र्यांची काळी जीभ बरी केली. लवकरच माणसांचा पेलाग्राही त्याच औषधाने बरा होऊ लागला.

(१२)
पेलाग्रा हा मका खाणाऱ्यांचा रोग, अशी समजूत रूढ झाली. पण हैदराबादच्या दवाखान्यांत पेलाग्राचे जे रुग्ण येत, ते मका खाणारे नव्हते. ते दख्खनच्या पठारावरचे गरीब शेतकरी आणि मजूर होते, आणि त्यांचे अन्न होते ज्वारी. मूळची कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळा १९५८ च्या सुमारास हैदराबादेत हलली. आज तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात. तिचा पत्ता तारनाका. जकातीच्या नाक्यावरून निघालेला आपला धागा असा दुसऱ्या नाक्यावर पोहोचतो.

(१३)
तेथे डॉ. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये एक तर्क मांडला. ज्वारीत ल्युसीन या अमिनो आम्लाचे प्रमाण फार असते आणि त्यामुळे शरीरातील निकोटिनिक आम्लाचा व्यवहार बिघडतो. १९६५ मध्ये भवानी बेळवडी आणि गोपालन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले, की ज्वारीयुक्त आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांची जीभ काळी पडली. ल्युसीनच्या तर्कावर पुढे बराच वाद झाला. पण नुसत्या ज्वारीवर जगणे धोक्याचे आहे, हे त्या कुत्र्यांनी दाखवले ते दाखवलेच.

(१४)
येथे क्षणभर थांबा. ज्या दख्खनी राज्याच्या सीमेवर कनेरगावचे कुत्रे ज्वारीच्या तुकड्यावर जगत होते, त्याच्याच राजधानीत काही कुत्र्यांना मुद्दाम तोच आहार देऊन आजारी पाडले गेले. भाकरीवर जगणाऱ्या माणसाचा रोग समजावा म्हणून. ज्वारी येथे गुन्हेगार नव्हे. वरण, पालेभाजी, ताक, शेंगदाणे सोबत असतील तर तीच भाकरी उत्तम अन्न. गुन्हेगार होते दारिद्र्य, ज्याने भाकरीच्या शेजारी काहीच उरू दिले नाही. आहारात विविधता येत गेली, तसा पेलाग्रा विरळ झाला.

(१५)
असे ऋण एकच नाही. १९१८–१९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी पिलांना घरात बंद ठेवून निकृष्ट आहारावर वाढवले. त्यांची हाडे मऊ पडून वाकली. कॉड माशाच्या यकृताचे तेल दिलेली पिले वाचली. मुडदूस या रोगाचे कोडे सुटण्याच्या वाटेवरचा तो टप्पा. त्यातून पुढे ‘ड’ जीवनसत्त्वाचा शोध लागला. नंतर कळले, की उन्हात बसूनही कुत्र्याची कातडी पुरेसे ‘ड’ बनवू शकत नाही. त्याला ते अन्नातूनच मिळवावे लागते. आणि अंड्याच्या बलकात ते असते.

(१६)
आता हे सारे धागे एकत्र ओवू. भाकरीत जे उणे, त्यातले बरेचसे अंड्यात आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रथिन, आणि त्यात ट्रिप्टोफॅन, ज्यापासून शरीर काही प्रमाणात निकोटिनिक आम्ल तयार करते. शिवाय बलकातील ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वे व बायोटिन. म्हणजे इतिहासाचे उत्तर स्पष्ट आहे : शिजवलेले, साधे अंडे कुत्र्याला चालते आणि भाकरीवर जगणाऱ्या कुत्र्याला तर ते लाभाचेच. नामदेवांच्या तुपाच्या वाटीचा आशय विज्ञानाने आपल्या भाषेत पुन्हा सांगितला, असे म्हणायला हरकत नाही.

(१७)
प्रमाण मात्र पाहावे. एका अंड्यात सुमारे ७० कॅलरी असतात आणि १० किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ४०० ते ६०० कॅलरी लागतात. ज्याला घरी पूर्ण आहार मिळतो, त्याला आठवड्यातून दोन-तीन अंडी पुष्कळ झाली. अंडे उकडलेले, बिनमिठाचे, बिनतेलाचे असावे. गाडीवरची उरलेली भुर्जी घालू नये. तिच्यातील कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. एखाद्या कुत्र्याला अंड्याची ॲलर्जी असू शकते, म्हणून सुरुवात लहान तुकड्याने करावी.

(१८)
कच्च्या अंड्याचा दुसरा धोका म्हणजे साल्मोनेला हा जिवाणू. नाव ऐकून सामन मासा आठवतो, पण ते पडले डॅनियल साल्मन या अमेरिकी पशुवैद्यकावरून. १८८५ मध्ये त्यांच्या विभागात थिओबाल्ड स्मिथ यांनी या गटातील जिवाणू वेगळा केला होता. कुत्रे स्वतः आजारी न दिसताही तो जिवाणू घरात पसरवू शकते. लहान मुले आणि वृद्ध असलेल्या घरात म्हणून शिजवलेलेच अंडे बरे.

(१९)
राहिले टरफल. ते सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असते; एका अंड्याच्या टरफलात जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम. ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. आयुर्वेदात ‘कुक्कुटाण्डत्वक् भस्म’ याच टरफलापासून करतात. आख्खे टरफल टाकले तर त्याच्या धारदार कपच्या तोंडाला व घशाला टोचू शकतात. ते उकळून, वाळवून, वस्त्रगाळ पूड केली तर वापरता येते. घरचे बिनहाडाचे मांस व भात खाणाऱ्या कुत्र्याला कॅल्शियम कमी पडते. त्याला अशा पुडीचा उपयोग आहे.

(२०)
मात्र येथेही इतिहासाचा इशारा आहे. १९८५ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे हाझेविंकल यांनी दाखवले, की मोठ्या जातीच्या वाढत्या पिलांना जास्तीचे कॅल्शियम दिले तर हाडांची वाढच बिघडते. म्हणजे अभाव जसा घातक तसा अतिरेकही. तयार आहार खाणाऱ्या कुत्र्याला पुडीची गरज नसते. पिलाला, गाभण कुत्रीला किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या कुत्र्याला ती पशुवैद्यकाला विचारल्यावाचून देऊ नये.

(२१)
शेवटी पुन्हा कनेरगाव नाका. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, पुढे करोडगिरी गेली, १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा झाला. सीमा पुसली, नाव तेवढे उरले. शिवारात ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. आता हमरस्त्यावर कोठेही चहाला थांबलात आणि एखादे कुत्रे समोर येऊन बसले, तर ध्यानात असू द्या : आपल्या पूर्वजांची भाकरी त्याच्या पूर्वजांनी वाटून घेतली, आणि त्या भाकरीतले उणे काय हे आपल्याला त्याच्याच कुळाने जिभेवर काढून दाखवले. गाडीवर अंडी उकडत असतील, तर एक सोलून त्याच्यापुढे ठेवायला हरकत नाही. तो उपकार नसेल, जुनी उधारी फेडणे असेल.