घमापुरातला दाजीबा

तरुण गायिकेच्या डान्स-पॉप अल्बमचा आपल्याकडचा इतिहास नाझिया हसनपासून सांगायची पद्धत आहे. १९८० साली ‘कुर्बानी’तल्या ‘आप जैसा कोई’मुळे ती घराघरांत पोचली. पुढच्याच वर्षी, बंगळुरूत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये नाव कमावलेल्या बिड्डूनं तिचा ‘डिस्को दीवाने’ तयार केला. तेव्हा ती जेमतेम सोळा वर्षांची होती. सिनेमाच्या आधाराशिवायही नाचाची गाणी खपतात, हे त्या अल्बमनं दाखवून दिलं. नव्वदीत अलिशा चिनॉय आली, दलेर मेहंदी आला. पंजाबी न कळणारेही पंजाबीवर नाचू लागले. मराठीच्या वाट्याला मात्र भावगीत, नाट्यगीत, लावणी एवढीच ओळख होती.

माझ्यासाठी हा इतिहास जबलपूरच्या घमापुरात येऊन थांबतो. १८१७ पर्यंत या शहरावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पण आमच्यासारखी घरं आली ती फार पुढे, नोकरीच्या मागं. १९०४ साली सुरू झालेल्या गन कॅरेज फॅक्टरीत आजोबा कामाला होते. आमची मराठी उंबऱ्याच्या आतली. आत ‘काय करून राहिली?’, आणि बाहेर पाऊल टाकलं की हिंदी. रस्त्यात आईनं मोठ्यानं मराठीत हाक मारली की मी मान खाली घालून चालत असे. याची लाज मला आजही वाटते.

२००२च्या सुमारास ‘ऐका दाजीबा’ आला. वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते तेव्हा तरुण होते, नावारूपाला येत होते. संगीत अवधूतचं, अल्बम सागरिकाचा, व्हिडिओत ईशा कोप्पीकर आणि मिलिंद गुणाजी. लोकगीताच्या बाजाला डान्सचा ठेका. आजोबांनी पहिल्यांदा ऐकलं आणि रेडिओवरच्या भावगीतांची आठवण काढून टीव्हीचा आवाज कमी केला.

त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या गणपतीसमोर हेच गाणं वाजलं. कॅसेट आम्ही दिली नव्हती. नाचणाऱ्या पोरांत मराठी घरातलं एकही नव्हतं. मी गच्चीवरून बघत होते. आमच्या घरात कोंडलेली भाषा भर रस्त्यात, भोंग्यातून, कुणाची परवानगी न घेता वाजत होती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मैत्रिणीनं विचारलं, “ये दाजीबा कौन है?” मी म्हटलं, “जीजाजी.” म्हणताक्षणीच कळलं की हे बरोबर असूनही बरोबर नाही. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा, हे खरं. पण त्या ‘बा’मध्ये आदर आहे आणि खोडीही आहे. ‘ऐका’मधल्या अहोजाहोत मान आहे आणि दटावणीही. ‘सुनिए जीजाजी’ म्हटलं की उरतो तो नुसता निरोप. भाषांतराचा माझा पहिला धडा हा, आणि त्यात मी नापास झाले. पुढे तौलनिक साहित्यात एम.ए. केलं. तिथं अशा अडचणींना भारदस्त नावं मिळाली, दाजीबा मात्र अजून तिथंच उभा आहे.

पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. वैशालीनं आनंद शिंद्यांबरोबर गायलेल्या ‘कोंबडी पळाली’ची चाल २०१२च्या ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ झाली. ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ २०१८ साली ‘धडक’मध्ये हिंदी शब्द घेऊन आलं. मराठी ठेका दूरवर गेला, शब्द मात्र सीमेवर उतरवून ठेवले गेले.

भाषांतरावर पोट भरणाऱ्या बाईनं हे म्हणणं विचित्र वाटेल, पण घमापुरातली ती रात्र मला मोलाची वाटते ती याचसाठी, की तिथं भाषांतर झालं नव्हतं. त्या पोरांना अर्थ कळत नव्हता; त्यांतलं कुणी नंतर मराठी शिकलं असंही नाही. तरी त्यांनी आमचा शब्द आमच्याच उच्चारात, चुकतमाकत का होईना, तोंडात घेतला होता.

विसर्जनाच्या दिवशी आईनं गर्दीतून मला हाक मारली, मराठीत, मोठ्यानं. मी तितक्याच मोठ्यानं ‘ओ’ दिली.