ओठांतील फिलर विरघळवणे

ओठांतील फिलर विरघळवणे ही सौंदर्यवर्धनासाठी ओठांत टोचलेले हायलुरॉनिक आम्लाचे जेल हायलुरॉनिडेज या विकराच्या साहाय्याने काढून टाकण्याची वैद्यकीय प्रक्रिया आहे. ओठ अपेक्षेपेक्षा अधिक फुगीर, विषम किंवा गाठाळ दिसणे, जेल ओठांच्या कडेबाहेर सरकणे आणि जेलमुळे रक्तवाहिनी अवरुद्ध होणे या कारणांसाठी तिचा अवलंब केला जातो. रक्तवाहिनी अवरुद्ध झाली असता हा तातडीचा उपचार ठरतो. अन्य बहुतेक प्रसंगी तो ऐच्छिक असतो. जाहिरातींमध्ये फिलरचा उल्लेख ‘परत फिरवता येणारा उपचार’ असा होतो. हे विधान केवळ हायलुरॉनिक आम्लाच्या फिलरपुरते खरे आहे, आणि तेही हायलुरॉनिडेज व ते वापरण्यास अधिकृत असलेला चिकित्सक उपलब्ध असेल तरच.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८१ मध्ये गायीच्या कातड्यापासून मिळवलेल्या कोलॅजेनच्या इंजेक्शनला मान्यता दिली. त्याआधी त्वचेवर ॲलर्जीची चाचणी घ्यावी लागे आणि परिणाम काही महिन्यांतच ओसरे. हायलुरॉनिक आम्लाच्या फिलरना तेथे डिसेंबर २००३ मध्ये प्रथम मान्यता मिळाली. ती नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणाऱ्या सुरकुत्यांसाठी होती. ओठांसाठीची स्वतंत्र मान्यता २०११ मध्ये आली. दरम्यानच्या काळात ओठांमध्ये त्यांचा वापर चिकित्सकांच्या विवेकावर चालू होता.

हायलुरॉनिक आम्ल हा मानवी शरीरातच आढळणारा पदार्थ आहे. कार्ल मायर व जॉन पामर यांनी १९३४ मध्ये तो गायीच्या डोळ्यातील काचाभ द्रवापासून वेगळा केला. ‘काच’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. शरीरातील नैसर्गिक हायलुरॉनिक आम्ल अल्पजीवी असते. त्याच्या एकूण साठ्यापैकी सुमारे एक तृतीयांश भाग दररोज नवा तयार होतो. फिलर टिकाऊ व्हावा म्हणून त्यातील रेणू रासायनिक दुव्यांनी एकमेकांस जोडलेले असतात. त्यामुळे तो सहा महिने ते वर्षभर टिकतो असे साधारणपणे सांगितले जाते. प्रत्यक्षात चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांमध्ये (एमआरआय) अनेक वर्षांनंतरही त्याचे अवशेष आढळले आहेत. आधीचा फिलर ‘संपला’ असे समजून दरवर्षी नवा भरत गेल्यास ओठ हळूहळू अनैसर्गिक का दिसू लागतात, याचे एक कारण येथे सापडते.

असमाधानाची कारणे

उपचारानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत ओठांना सर्वाधिक सूज असते. काळेनिळे डाग, किंचित विषमता आणि हाताला लागणाऱ्या बारीक गाठी या काळात सामान्य मानल्या जातात. त्यांपैकी बऱ्याच गोष्टी एक ते दोन आठवड्यांत आपोआप निवळतात. म्हणून रक्तपुरवठ्याची शंका नसल्यास किमान दोन आठवडे थांबून मगच परिणामाचे मूल्यमापन करण्याचा प्रघात आहे. आरशात पहिल्या रात्री दिसणारा चेहरा हा अंतिम परिणाम नसतो. या काळात स्वतःच्या मनाने ओठ जोराने चोळणे टाळावे. मर्दनाची गरज आहे किंवा नाही हे टोचणाऱ्या चिकित्सकाने ठरवायचे असते.

सूज उतरल्यावरही राहणाऱ्या दोषांमध्ये जेल सरकणे हा ठळक दोष होय. जेल ओठांची लाल कड ओलांडून वरच्या त्वचेत साचते, कडेची रेखीवता नाहीशी होते आणि वरचा ओठ बाजूने पाहता चोचीसारखा पुढे आलेला दिसतो. प्रमाणाबाहेर जेल भरणे, चुकीच्या थरात टोचणे आणि वारंवार भर घालणे ही त्याची प्रमुख कारणे आहेत. जेल फार उथळ बसल्यास त्वचेखाली निळसर छटा दिसते. प्रकाशाच्या विकिरणाशी निगडित असलेल्या या घटनेला भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांच्या नावाने ‘टिंडल परिणाम’ म्हणतात. कित्येकदा ही छटा जुना रक्ताचा डाग समजून दुर्लक्षिली जाते. डाग जातो, छटा मात्र राहते.

काही व्यक्तींमध्ये महिन्यांनंतर, विशेषतः एखाद्या संसर्गानंतर, फिलरच्या जागी पुन्हा सूज येते. डिसेंबर २०२० मध्ये कोविड लसीच्या चाचण्यांत फिलर घेतलेल्या काही मोजक्या सहभागींच्या चेहऱ्यावर अशी सूज नोंदवली गेली होती. ओठांवर पूर्वी नागिणीसदृश पुरळ (हर्पीस सिम्प्लेक्स) येऊन गेले असल्यास टोचण्याने ते पुन्हा उद्भवू शकते.

तातडीची अवस्था

जेल थेट ओठांच्या रोहिणीत शिरल्यास किंवा बाहेरून तिच्यावर दाब आल्यास पुढील भागाचा रक्तपुरवठा तुटतो. त्वचा पांढरी पडणे, नंतर जाळीसारखे जांभळट डाग उमटणे, वाढत जाणारी वेदना आणि बोटाने दाबून सोडल्यावर रंग परत येण्यास विलंब होणे ही त्याची लक्षणे आहेत. बहुतेक फिलरमध्ये बधिरता आणणारे औषध मिसळलेले असल्याने वेदना सुरुवातीस जाणवेलच असे नाही. अशा वेळी बर्फ लावू नये, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. उपचार करणाऱ्याशी त्याच क्षणी संपर्क साधून हायलुरॉनिडेज मिळवणे आवश्यक असते. येथे मात्रा मोठी असते आणि रक्तप्रवाह परत येईपर्यंत ती पुन्हा पुन्हा दिली जाते. विलंब झाल्यास त्वचा मृत होऊन व्रण राहतो. दृष्टी अंधुक होणे ही अत्यंत विरळ पण सर्वांत गंभीर गुंतागुंत असून तिच्यासाठी थेट रुग्णालय गाठावे लागते.

हायलुरॉनिडेजचे कार्य

फ्रान्सिस्को दुरान-रेनाल्स यांना १९२८ मध्ये असे आढळले की, वृषणाच्या अर्कात मिसळलेला विषाणू त्वचेत अधिक दूरवर पसरतो. या ‘प्रसारक घटका’ची ओळख पुढे हायलुरॉनिडेज म्हणून पटली. नेत्रशल्यचिकित्सेत बधिरतेचे औषध डोळ्याभोवती नीट पसरावे म्हणून ते दीर्घकाळ वापरले जात आहे. फिलर काढण्यासाठी त्याच्या वापराचे वृत्तांत २००४ मध्ये सोपारकर व सहकारी, तसेच लॅम्ब्रोस यांनी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केले. हा वापर अमेरिकेसह अनेक देशांत औषधाच्या मूळ मान्यतेबाहेरचा आहे. तरीही तो जगभर रूढ आहे.

विकर टोचल्यानंतर काही तासांतच जेल मऊ पडू लागते आणि दोन दिवसांत बहुतांश परिणाम दिसतो. मधल्या काळात ओठ पूर्वीपेक्षाही अधिक सुजू शकतात. दाट दुव्यांचे किंवा बऱ्याच वर्षांपूर्वीचे जेल एका बैठकीत निघेलच असे नाही. नवा फिलर घ्यायचा असल्यास सामान्यतः दोन आठवडे तरी थांबावे लागते. मुंबईतील अभिनेत्री उर्फी जावेद यांनी जुलै २०२५ मध्ये आपल्या ओठांतील फिलर विरघळवतानाची व नंतरच्या मोठ्या सुजेची चित्रफीत समाजमाध्यमांवर प्रसिद्ध केली होती. फिलर चुकीच्या जागी बसल्याने आपण तो काढत असून फिलरला आपला सरसकट विरोध नाही, असे त्यांनी स्पष्ट केले होते.

विकरामुळे स्वतःचे ऊतकही कायमचे विरघळेल अशी भीती अनेकांना वाटते. ते नैसर्गिक हायलुरॉनिक आम्लावरही काही प्रमाणात कार्य करते, ही गोष्ट खरी आहे; परंतु शरीर ते आम्ल सतत नव्याने बनवत असल्याने ही घट तात्पुरती राहते. ओठ अचानक बारीक व सुरकुतलेले भासतात त्याचे एक कारण दृष्टीची सवय हेही असते. वर्षानुवर्षे भरलेले ओठ पाहिलेल्या डोळ्यांना स्वतःचे मूळ ओठच अपुरे वाटू लागतात. अशा वेळी लगेच पुन्हा फिलर घेण्याचा मोह होतो आणि तेच चक्र सुरू राहते. दिसण्याविषयीची काळजी दिवसाचा मोठा भाग व्यापू लागल्यास देहरूपविकाराची शक्यता लक्षात घेऊन मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेतला जातो.

मधमाशी व गांधीलमाशीच्या विषातही हायलुरॉनिडेज असते. म्हणून अशा दंशाने पूर्वी तीव्र ॲलर्जी झालेल्या व्यक्तींनी तसे आधीच सांगणे अत्यावश्यक आहे. ऐच्छिक उपचारापूर्वी अनेक चिकित्सक हातावर अल्प मात्रेची चाचणी घेतात. रक्तपुरवठा तुटला असल्यास मात्र चाचणीसाठी थांबत नाहीत. हे औषध बहुधा वळू वा मेंढा यांच्या वृषणांपासून मिळवतात. मानवी जनुकावर आधारित प्रकारही उपलब्ध आहे.

न विरघळणारे फिलर

कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइट, पॉलिलॅक्टिक आम्ल, पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट आणि द्रव सिलिकॉन यांवर हायलुरॉनिडेजचा काहीही परिणाम होत नाही. त्यांच्या गाठींसाठी स्टेरॉइडची इंजेक्शने किंवा शस्त्रक्रिया असे मार्ग उरतात, आणि शस्त्रक्रियेने व्रण राहण्याचा संभव असतो. म्हणून दुरुस्तीसाठी जाणाऱ्या रुग्णास विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘आत नेमके काय टोचले होते?’ हा असतो. पुष्कळांना त्याचे उत्तर देता येत नाही. सुईविना दाबाने जेल सोडणाऱ्या ‘हायलुरॉन पेन’ या उपकरणाविरुद्ध अमेरिकी प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये इशारा दिला.

नियमन व दाद

ब्रिटनमध्ये ब्रूस कीओ यांच्या समितीने २०१३ च्या अहवालात असे नमूद केले की, फिलर घेणाऱ्याला बॉलपेन वा टूथब्रश विकत घेणाऱ्यापेक्षा अधिक संरक्षण नाही. तेथे हायलुरॉनिडेज केवळ चिकित्सकाच्या चिठ्ठीवर मिळते. फिलर टोचणाऱ्या सौंदर्यप्रसाधकांना मात्र अशी अट नव्हती. परिणामी ओठ भरणारी व्यक्ती तेच ओठ पूर्ववत करण्यास कायद्याने असमर्थ, अशी विपरीत स्थिती निर्माण झाली. १ ऑक्टोबर २०२१ पासून इंग्लंडमध्ये अठरा वर्षांखालील व्यक्तींना सौंदर्यासाठी फिलर टोचणे हा गुन्हा ठरला.

महाराष्ट्रात वैद्यक व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तपासता येते. सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात दिला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी देयक, संमतीपत्र, उपचारापूर्वीची व नंतरची छायाचित्रे आणि सिरिंजच्या वेष्टनावरील उत्पादनाचे नाव व तुकडी क्रमांक असलेली चिकटपट्टी उपयोगी पडते. याच चिकटपट्टीवरून पुढील चिकित्सकालाही आत कोणते द्रव्य आहे हे कळते.