मेनू म्हणजे कुलूप नव्हे

मंडळी, १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्यातलं विद्यार्थ्यांचं ५०० रुपयांचं शेल अकाउंट आठवतंय का? मोडेमने मुंबईचा नंबर फिरवायचा. ठाणेकराला तो ०२२ मधलाच, म्हणजे लोकल. कल्याण-डोंबिवलीचा कोड ०२५१, म्हणजे एसटीडी! तिथल्या पोरांचं सगळं लक्ष घड्याळाकडे.

लॉगिन झालं की व्हीएसएनएलच्या युनिक्स मशीनवरचा एक मेनू समोर यायचा. मेलला पाइन, वेबला लिंक्स. नुसती अक्षरं, चित्रं नाहीत. चित्रं हवीत? मग कितीतरी पट महागडं टीसीपी/आयपी अकाउंट घ्या. फोनची तार तीच, मोडेम तोच, फरक फक्त सर्व्हरवर घातलेल्या बंधनाचा.

पण पोरं कसली ऐकतात! शेलसॉक नावाचा प्रोग्रॅम आला आणि त्याच स्वस्त अकाउंटवर चित्रांसकट वेब दिसू लागलं. कारण साधं आहे. बंधन मेनूवर होतं, रस्त्यावर नव्हतं. जिथून अक्षरं जातात तिथून बाइट्स जातात, आणि बाइट्समध्ये काहीही भरता येतं.

गंमत बघा, त्याच वर्षी जुलैत तिकडे फिनलंडमध्ये एसएसएच जन्माला आलं. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड टिपले होते. टेलनेटमध्ये पासवर्ड उघडाच जायचा ना! म्हणून टाटू यलोनेन यांनी सगळं संभाषण कुलूपबंद करणारा हा प्रोग्रॅम लिहिला. आज शेअर्ड सर्व्हरवर आपण शिरतो ते बहुतेक ओपनएसएसएचने, म्हणजे त्याच घराण्यातल्या १९९९ च्या आवृत्तीच्या वारसाने.

आणि चूक मात्र आपण जुनीच करतो. एखाद्याला फक्त फाइली ठेवायला अकाउंट द्यायचं, म्हणून त्याचा शेल 'नोलॉगिन' करतो आणि निर्धास्त होतो. पण एसएसएचला शेल न मागताही जोडणी करता येते, आणि पोर्ट फॉरवर्डिंग मुळात चालूच असतं. म्हणजे तो पाहुणा तुमच्या सर्व्हरमधून ऑफिसच्या आतल्या डेटाबेसपर्यंत बोगदा काढू शकतो. शेलसॉकच की हो हा, नवीन कपड्यांत!

उपाय एका ओळीचा आहे. २०१६ पासून ओपनएसएसएचमध्ये 'डिसेबलफॉरवर्डिंग यस' लिहिता येतं. जोडीला 'अलाऊयूजर्स'ची यादी आणि पासवर्डऐवजी किल्ली.

असो. आपापल्या सर्व्हरची सेटिंग एकदा उघडून बघाच.